रेझोल्यूट, आणि अक्काच्या घरचं पाणी

गुरुजी, तुम्ही जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील, पण एक इंग्रजी शब्द मला अजून तुमच्याच आवाजात ऐकू येतो. रेझोल्यूट. निर्ण्याजवळच्या आपल्या शाळेतली नववीची दुपार असते, खिडकीतून लिंबाची सावली फळ्यावर हलत असते, आणि खडूच्या धुरळ्यात तुम्ही अर्धे दिसता, अर्धे नाही. नव्या शब्दाचा अर्थ तुम्ही कधी सांगितला नाहीत. "अर्थ घरून आणा," म्हणायचात. एवढंच सांगितलंत की ठरवलेल्या गोष्टीवरून जो हलत नाही त्याच्यासाठी हा शब्द आहे. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "गुरुजी, आमचा रेडा रेझोल्यूट हाय. रस्त्यात बसला की उठतच न्हाई." वर्ग हसला, तुम्हीही हसलात. "त्याला दुसरा शब्द हाय लेकरा, ॲडमंट. रेड्याला कुठं जायचं ते ठावं नसतंय. त्याला निस्तं हलायचं नसतंय." मी वहीत लिहिलं होतं, आमचे गुरुजी रेझोल्यूट आहेत. कारण आईच्या अस्थी घेऊन काशीला गेलात तेव्हा तुम्ही तिथं वांगं सोडून आला होता, जन्मभरासाठी, आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं.

सगळ्या गावाला म्हणजे, माझ्या आईला सोडून. त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या घरी जेवायला आलात. स्वयंपाकघरात धूर कोंडलाय, आई घामानं निथळतीय, आणि तुमच्या ताटात भाकरीशेजारी दोन भरली वांगी. मी डोळे मोठे करून बघतोय. तुम्ही दोन्ही खाल्लीत. वर म्हणालात, "वैनी, हात बसलाय तुमचा." रात्रभर मला तुमचा राग आला. सकाळी वहीतलं ते वाक्य शाईनं खोडलं, कागद फाटेपर्यंत.

वही तपासताना तुम्ही त्या फाटलेल्या ओळीवर बोट ठेवलंत. "वांगं दिसलं व्हय?"

"तुमी सोडलं होतं, गुरुजी."

"मी सोडलं होतं. तुझ्या आईनं न्हाई. चुलीपुढं बसलेल्या बाईला माझी काशी कामून सांगू?"

"मग मोडलं की तुमचं."

"मोडलं की. घरी जाऊन देवाला सांगितलं. त्यानं काय तुझ्यावाणी वही काढली न्हाई." आणि खोडलेलं वाक्य तसंच ठेवून तुम्ही वही परत दिलीत. पुढं मरेपर्यंत वांग्याला हात लावला नाहीत, हेही मला माहीत आहे.

आता लोक मला शब्दाचा पक्का म्हणतात, गुरुजी. हळ्ळीखेडच्या बाजारात कुणाशी ओळख करून देतानासुद्धा तसं सांगतात, आणि मला ते आवडायचं. कशावरून म्हणतात ते सांगतो. माझे वडील, अप्पा, शेवटच्या आजारपणात भालकीपलीकडच्या मेहकरला थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं होते. त्यांचं जास्त झाल्याचं तिनं मला इतक्या उशिरा कळवलं की मी पोचेपर्यंत ते गेले होते. "अप्पाच म्हणाले, त्याची पेरणी चालू हाय, बोलवू नको," असं ती रडत सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही. दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "आजपासून तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई." सहा वर्षं प्यालो नाही. भाचीच्या लग्नात मामा म्हणून तिच्या मागं उभा राहिलो, अक्षता टाकल्या, आणि खिशात घरून भरून नेलेली पाण्याची बाटली होती. अक्कानं ती पाहिली. बाटलीकडं आधी आणि मग माझ्याकडं, तिचं ते बघणं अजून झोपेत येतं.

परवा भाचीचा फोन आला. "मामा, सोमवारी आईच्या हार्टचं ऑपरेशन हाय बिदरला. तुमाला सांगितलं म्हणून तिला सांगू नका. ती म्हणायली, मामाची सोयाबीनची काढणी चालू हाय, त्याला बोलवू नको." सहा वर्षांपूर्वी जे वाक्य मी खोटं ठरवलं होतं, तेच होतं ते. आमच्या घरात असंच बोलतात, हे मला माहीत असायला हवं होतं. काढणीचं शेत डोळ्यांपुढं होतं, आणि शेतात रेडा बसलेला दिसत होता.

आज पहाटे देवापुढं दिवा लावून सांगून टाकलं की मोडतोय. ज्योत नेहमीसारखीच जळत राहिली. मग गाडी काढली. अक्का दारातच बसली होती, तोंड सुकलेलं. मला बघून म्हणाली, "बाटली आणलास का न्हाई?"

"पाणी दे, अक्का."

"तहान लागली व्हय रे?"

"लई."

डॉक्टरांनी उठू नको म्हटलेलं, तरी तीच उठली. भिंत धरत आत गेली, तांब्या घेऊन आली. मी उभ्यानं सगळा प्यालो, शर्टावर सांडला, आणि ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "हळू पी, ठसका लागंल."

सोमवारी तिच्याबरोबर बिदरला जाणार आहे. काढणी मजूर करतील. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून वहीतच राहील, खोडलेल्या त्या ओळीसारखं. तुम्हाला मात्र खोटं सांगवत नाही, गुरुजी. मला तहान लागलेली नव्हती. सवयीनं बाटली भरून घेतली होती, आणि भालकीच्या अलीकडं गाडी थांबवून मी ती सगळी पिऊन टाकली होती.