ओढ्यातलं दार

१२ मे, सोमवार

दार सापडलं.

पुलाच्या खालच्या अंगाला, ओढ्यात, राडारोड्याच्या ढिगात तिरकं रुतलेलं. आधी वाटलं असेल कुठल्या बिल्डिंगचं. पायाने माती सारली तर अक्षरं निघाली — आतून कडी लावा. माझी अक्षरं! साक्षरतेच्या वर्गाला जात होते तेव्हा वस्तीतल्या बायकांच्या संडासाच्या दारावर मीच रंगवली होती, उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटने. त्यातला ड पाय ओढत चालल्यासारखा. अजून तसाच आहे.

म्हणजे आपला जुना संडास पाडला, तो सगळाच्या सगळा ओढ्यात आणून ओतलाय. विटा, फरशा, भांडी, पत्रे. वाघोलीच्या राडारोडा प्लांटला न्यायचा ठरला होता. ठरलं त्या मीटिंगला मी स्वतः बसले होते.

बावीस वर्षं बिबवेवाडीतल्या सोसायट्यांचा कचरा वेचते. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं पोट बिघडलंय, कोण बायकोपासून लपवून बाटली आणतं — पिशवी उचलली की कळतं. आणि स्वतःच्या दारातला डोंगर दोन महिने ओळखता आला नाही. वरून दुसऱ्यांनी माती ओतली, आम्ही म्हणलं बिल्डरचा असेल. शाबास सुंदराबाई.

दोन वर्षांमागे ओढा तुंबला तेव्हा वस्तीच्या खालच्या ओळीतल्या घरांत कमरेएवढं पाणी होतं. मुक्ताईआत्याला खुर्चीसकट उचलून काढली. तेव्हा ओढ्यात हा डोंगर नव्हता. पावसाला तीन आठवडे राहिले.

१३ मे, मंगळवार

वॉर्ड ऑफिसला गेले. विश्वजीत साहेब तिथले ज्युनियर इंजिनियर. पोरगेलेसे आहेत, बोलणं मात्र गोड. "या ताई, बसा. चहा?"

म्हणलं, चहा नको, ओढा मोकळा करा. दार सापडलंय.

त्यांनी फाइल काढली. पान उलटून माझ्याकडे फिरवलं. कामांवर लक्ष ठेवायला आमची जी समिती नेमलीये, तिचा अहवाल. जागेवर जाऊन पाहणी केली, राडारोडा उचललेला आहे, वाघोलीला पोचला आहे, जागा स्वच्छ आहे. खाली तीन सह्या. ज्ञानदेव अण्णा, अध्यक्ष. केतकर सर, रिटायर हेडमास्तर. तिसरी — सुंदराबाई लोखंडे. वस्तीतली एक बाई पाहिजे म्हणून घेतलेली.

ड तोच. पाय ओढणारा.

"आता बोला," म्हणाले. तेही गोडच.

उठून आले.

१४ मे, बुधवार

आठवलं सगळं. ९ एप्रिल. जागेवर पाहणी म्हणजे काय, तर अण्णांची गाडी पुलावर उभी राहिली. काचा बंद, एसी चालू. अण्णा म्हणाले, "हं, झालं वाटतं." केतकर सर म्हणाले, "ऊन फार आहे." गाडी वळली. मी मागच्या सीटवर मधे, मला पुढच्या सीटची पाठ दिसत होती. ऑफिसात क्रीमरोल आणि चहा. हजेरीचा कागद फिरला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. अण्णांनी सही केली, सरांनी केली, कागद माझ्यापुढे आला.

इथे तरी खरं लिहावं. मला वाचता येतं. पण बोट ठेवून, ओठ हलवत. पानभर वाचायला दहा मिनिटं लागतात. केतकर सर कागदावर नजर टाकतात न टाकतात तोच सही करून पुढे सरकवतात. त्यांच्यासमोर बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली. मी पण झटकन सही केली. त्यांच्यासारखी.

बाजारात दीडशहाण्या भाजीवाल्याला सोडत नाही मी. आणि इथे लाजले.

१६ मे, शुक्रवार

परत ऑफिस. आज ज्ञानदेव अण्णा पण होते. म्हणलं, माझी सही परत द्या.

विश्वजीत साहेबांनी बोटांवर मोजून समजावलं. एक — अहवाल खोटा ठरला तर ठेकेदार काळ्या यादीत जाणार. नवा संडास तोच बांधतोय. भिंती झाल्या, नळ झाले, दारं तेवढी बसवायची राहिलीत. काम थांबलं की वर्ष गेलं. दोन — अहवालाला तिघांतल्या दोघांच्या सह्या पुरतात. माझी काढली तरी अहवाल उभा. तीन — सही काढायची तर लेखी द्यावं लागेल, की मी न वाचता केली. "मग समितीवर तुम्हाला ठेवता येणार नाही ताई. ओढा आहे तिथेच, तुम्ही मात्र बाहेर. फायदा काय?"

अण्णा म्हणाले, "सुंदराबाई, घरातलं भांडण घरात मिटवावं."

म्हणलं, "घर नाही हो अण्णा, संडास आहे तो."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी चहात बुडवलं. पण हिशेब त्यांचा बरोबर होता. त्याचाच राग येतोय.

१७ मे, शनिवार

बायकांना सांगितलं, नळावर. माझ्या सहीचं पण सांगितलं. कुणी हसलं नाही, त्यापेक्षा हसल्या असत्या तर बरं होतं.

शेजारची रुपाली भडकली. तिचं बरोबर आहे. दोन पोरींना घेऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीतल्या संडासाला जाते, तिथल्या बायका तोंडावर बोलतात. म्हणाली, "आठ महिने तू ओरडलीस म्हणून काम आलं. आता दारं लागायच्या वेळी तूच बंद पाडणार? तुझी सही चुकली म्हणून आम्ही का चालायचं?"

मी म्हणलं, तुझं घर वरच्या ओळीत आहे.

"म्हणून काय मी माणूस नाही?"

मग मुक्ताईआत्या बोलली. खालच्या ओळीतलं पहिलं घर तिचं, गुडघे गेलेले. "मला काय बाई, दोन्हीकडे उचलूनच न्यायची. पाण्यातून उचलण्यापेक्षा रस्त्यावरून उचला. कोरडी तरी राहीन."

सगळ्या हसल्या. रुपाली नाही. हंडा अर्धा भरलेला तसाच उचलून गेली.

१९ मे, सोमवार

दोन सह्या पुरतात म्हणजे दोन काढल्या की अहवाल पडतो. अण्णा काढायचे नाहीत, त्यांची ती एसी गाडी पण ठेकेदाराचीच. राहिले केतकर सर. त्यांची सोसायटी माझ्याच लाइनीत आहे. सकाळी कचरा घ्यायला गेले तेव्हा दारातच विचारलं. सर, तो अहवाल तुम्ही वाचला होता?

चेहरा कसा झाला त्यांचा. "सुंदराबाई, चाळीस वर्षं शाळेत काढली मी. न वाचता सही करणारा वाटतो का मी आपल्याला?"

म्हणलं, "मग तुम्हाला माहीत होतं. ओढा भरलेला असताना स्वच्छ म्हणून सही केली."

"आपण आपलं काम करा," म्हणाले. दार लावलं.

जिना उतरताना विचार करत होते, न वाचता केलेली सही वाईट का वाचून केलेली. माझी निदान पहिली आहे.

२० मे, मंगळवार

केतकर सर डबा दाराबाहेर ठेवून आत. ओलं-सुकं एकत्र. रोज वेगळं करणारा माणूस.

२२ मे, गुरुवार

पत्र लिहिलं. निशा, माझी लेक, म्हणाली, "आई, मी टाइप करते. तुझं अक्षर कुणाला लागणार?" म्हणलं, नको, अक्षरच लागायला पाहिजे. चार कागद वाया गेले. पाचवा हा —

"मी सुंदराबाई लोखंडे. ९ एप्रिलला राडारोडा उचलल्याच्या अहवालावर मी सही केली. मी तो वाचला नव्हता. मला हळू वाचता येतं. ते इतरांना दिसू नये म्हणून वाचला नाही. राडारोडा उचललेला नाही. ओढ्यात आहे. माझी सही मी परत घेते."

मग दार काढलं. आम्ही पाच जणी, दोन पहारी, एक दोरखंड. नळावर धुतलं, भंगाराच्या हातगाडीवर उभं बांधलं आणि नेलं. वाटेत एकाने विचारलं, मावशी, विकायचंय का? म्हणलं, नाही, परत करायचंय.

वॉचमनने अडवलं. "दार आत नेता येणार नाही." मी म्हणलं, दार आत नेता येत नाही तर मग कुठे नेतात? तो विचार करेपर्यंत आम्ही आत. विश्वजीत साहेबांच्या केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

साहेबांचा आवाज आज गोड नव्हता. "हे त्याच संडासाचं कशावरून? दारं काय कुठेही मिळतात."

पत्र त्यांच्या हातात दिलं. म्हणलं, अक्षर जुळवा.

ते पत्राकडे बघत, मग दाराकडे बघत. राडारोडातला ड, कडीतला ड. टेबलाटेबलावरची माणसं बघायला उठली. पत्र घेऊन शिक्का मारणारा आवकचा क्लार्क म्हणत होता शिक्का संपलाय, शाई संपलीये, लंच आहे. मी त्याच्यासमोर बाकड्यावर बसले आणि माझंच पत्र मोठ्याने वाचलं, बोट ठेवून. सगळ्या ऑफिससमोर. पाच मिनिटं लागली. लागू देत! वाचून झालं तेव्हा शाई सापडली होती.

शिक्का मारलेली झेरॉक्स डब्यात ठेवलीये, रेशनकार्डाच्या खाली.

२३ मे, शुक्रवार

झालं ते साहेब म्हणाले होते तसंच. ज्ञानदेव अण्णांचा माणूस कागद घेऊन आला, समितीतून काढलं. अहवाल कायम, दोन सह्या आहेत. ठेकेदाराची माणसं दुपारी येऊन नवी दारं टेम्पोत घालून घेऊन गेली. अजून कुणी काम थांबवलं नव्हतं, तरी नेली. आम्हाला दाखवायला.

रुपाली नळावर माझ्याशी बोलली नाही. नंबर माझा असताना हंडा पुढे सरकवला. मी सरकवू दिला.

सकाळपासून आभाळ दाटलंय. मी मुक्ताईआत्याची भांडी माळ्यावर टाकून आले. तिने विचारलं, पस्तावलीस? म्हणलं, आधीची सही करून पस्तावले. ही करून नाही.

२४ मे, शनिवार

ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं, दार अजून तिथेच आहे. हलवायचं तर लेखी लागतं, आणि लेखी द्यायला कुणी तयार नाही.

२६ मे, सोमवार

केतकर सर वस्तीत आले. चालत. आधी पुलावर बराच वेळ उभे होते, पोरांनी येऊन सांगितलं. मग माझ्या दारात. मी बसा पण म्हणलं नाही.

"पत्राची प्रत आहे आपल्याकडे? खाली थोडी जागा असेल का?"

कशाला?

खाली बघून बोलले. "त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. सांगायचं राहिलं. मीही वाचला नव्हता."

डबा काढला. कागद दिला. त्यांनी लगेच पेन काढलं. मी हात धरला.

म्हणलं, "सर, आधी वाचा."

त्यांनी चष्मा लावला. उंबऱ्यावर बसले आणि मोठ्याने वाचलं, ओळीवर बोट ठेवून. रुपाली हंडा खाली ठेवून ऐकत होती. मग सरांनी खाली सही केली.