तळं गार आहे

प्रिय ब्लूमा,

प्रथम तक्रार. ती गंभीर स्वरूपाची आहे, तेव्हा गळ्यातली शिट्टी काढून, बसून वाच. दहा दिवसांपूर्वी, पालकभेटीच्या रविवारी, तुझ्या उन्हाळी कॅम्पच्या फाटकावर एका अठरा वर्षांच्या मुलाने माझी सलामी जप्त केली. हातभर लांब, कडक, सुक्या मसालेदार मांसाची, लसणाच्या वासाने गाडी भरून टाकणारी. लेकीसाठी, हदाससाठी, मी ती ब्रॉन्क्सला वाट वाकडी करून आणली होती. "बाहेरचं खाणं आत चालत नाही, सर." मी त्याला म्हटलं, बाळा, ज्या खांबाला तू टेकला आहेस तो माझ्या आजोबांनी रोवला, आणि हा नियम माझ्या वडिलांनी केला. तो म्हणाला, "मग तुम्हाला तर माहीतच असणार, सर." तीस वर्षं मी विद्यापीठात संस्कृत शिकवतो, त्यातली दहा नुसता न्याय. या उत्तरातला हेत्वाभास मला अजून सापडलेला नाही. सलामीचं पुढे काय झालं हेही कळलेलं नाही, पण तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे अनुमान करता येतं.

तू म्हणशील, एवढ्यासाठी एलकनला कागद लागला. एवढ्यासाठी नाही. पण जरा दमाने घे, आपल्या घरात वाईट बातमी सुपानंतर सांगायची रीत आहे.

कॅम्पच्या पंचाऐंशिव्या वर्षानिमित्त तू छापलेली पुस्तिका वाचली. सुरेख आहे. एक गरीब खाटीक, येरुखम झेल्डिन, शहरातल्या मुलांना चार घोट शुद्ध हवा मिळावी म्हणून कॅटस्किलच्या डोंगरात येतो, वगैरे. आजोबा खाटीक होते हे खरं. बाकी पुराण. तेव्हा शहरात उन्हाळा आला की पोलिओची धास्ती, आयांचा जीव टांगणीला. आजोबांनी त्या भीतीचं वजन केलं, मांसाचं करायचे तसंच, तराजूवर अंगठा ठेवून. पहिल्या वर्षी मुलं गोठ्यात झोपली. गायी शेजारच्या गोठ्यात होत्या आणि त्यांची जागा जास्त कोरडी होती, असं आजी सांगायची. नाव डोंगरातल्या मूळ रहिवाशांचं वाटलं पाहिजे म्हणून आजोबांनी जेवता जेवता 'वनाकीशा' हा शब्द बनवला. कुठल्याही भाषेत त्याला अर्थ नाही. मला एकट्याला त्यात वन दिसतं आणि कीश, म्हणजे माकड. त्या डोंगरावर माझ्या शिक्षणाचा झालेला उपयोग एवढाच.

पुस्तिकेत पेटीबद्दल मात्र अक्षर नाही. जेवणघराच्या दाराशी ती हिरवी लाकडी पेटी होती. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू व्हायचा, शनिवारी सूर्यास्ताला संपायचा; त्या पहिल्या जेवणाला आत शिरायचं तर प्रत्येक मुलाने घरी लिहिलेलं पत्र तीत टाकायचं. पत्र नाही, तर सूप नाही. पाकीट चिकटवायचं नाही, तिकीट लावायचं नाही. ते गिटलकाकूंचं काम. सगळी मुलं आपल्या आईला गिटलकाकू म्हणायची आणि बाबांना लाझरकाका, आणि काका-काकू कधी वाईट असतात का. आई तिकीट लावायची ते पट्टीने आखल्यासारखं सरळ. शनिवारी दुपारी मुलांना सक्तीची झोप, आणि आपण चौघं ऑफिसच्या व्हरांड्यात लिंबूपाणी घेऊन ती पत्रं वाचत बसायचो. शब्बाथला लिहायला मनाई आणि फाडायलाही मनाई, पण वाचायला नाही, हा आजोबांपासून चालत आलेला शास्त्रार्थ. म्हणून शनिवारी फक्त दोन ढीग व्हायचे, पाठवायची पत्रं आणि न पाठवायची. फाडणं रविवारी. धर्म आपण काटेकोर पाळला.

आणि त्या दुपारची गंमत म्हणजे तू. बारा वर्षांची होतीस, पण नकलेत तुझा हात धरणारं कोणी नव्हतं. रडकी पत्रं तुझ्याकडे यायची. तू खुर्चीवर उभी राहून, नाक चिमटीत धरून, हुंदक्यासकट वाचायचीस. बाबा हसून हसून डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "गिटल, ही पोरगी नाटकात गेली तर कॅम्पचं नुकसान आहे." आई म्हणायची, "हळू रे, मुलं झोपलीत," आणि मग, "तेवढं एक वाक्य पुन्हा वाच ग." सगळ्यात मोठ्याने हसणारा कोण होता, ते तुला आठवत असेल. मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

माझं काम रविवारी सकाळी. मी पंधरा वर्षांचा, अक्षर वळणदार, चेहरा सालस. न पाठवायच्या ढिगातलं पत्र घेऊन मी त्या मुलाशेजारी पायरीवर बसायचो. हे वाचून आईला काय वाटेल, असं विचारायचो. तिची तब्येत कशी आहे? इतक्या लांबून ती काय करू शकणार? मूल गप्प झालं की नवा कागद पुढे करायचो आणि तीन वाक्यं सांगायचो. मी नीट जेवते. तळं गार आहे. मला दोन मैत्रिणी मिळाल्या. ही वाक्यं माझी, बाबांची नव्हेत. पहिल्याने आईची काळजी मिटते, दुसऱ्यात खोटं काहीच नाही म्हणून तिसरं खपून जातं, आणि दोनच मैत्रिणी, कारण दहा म्हटल्या तर संशय येतो. पुढे आयुष्यभर मी दुसऱ्यांनी रचलेली सूत्रं शिकवली. अल्पाक्षर, निःसंदिग्ध, एकही शब्द काढता येणार नाही असं माझं स्वतःचं सूत्र हे एवढंच.

रॉन्डा कट्लर तुला आठवते, नाही म्हणू नकोस. अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा, दहा वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा. तिने पहिल्याच शुक्रवारी लिहिलं होतं की केबिनमधल्या मुली तिचा चष्मा तळ्यात टाकतात आणि तिला शोधायला लावतात, आणि "चष्म्याशिवाय मला चष्मा दिसत नाही." त्या वाक्याला आपण किती हसलो, ब्लूमा. बाबांच्या हातातलं लिंबूपाणी सांडलं. तू ते वाक्य महिनाभर म्हणत होतीस. मीठ सापडलं नाही तरी म्हणायचीस. दुसऱ्या दिवशी मी रॉन्डाशेजारी पायरीवर बसलो. तिचे केस ओले होते. मी तीन वाक्यं सांगितली, तिने लिहिली. दुसऱ्या वाक्याला थांबून तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे खरं आहे." पुढच्या रविवारी तिला सांगावं लागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तर तिचं पत्र पाठवायच्या ढिगातच सापडलं, आपण होऊन लिहिलेलं, तीच तीन वाक्यं. बाबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, शिकवलं की शिकतात."

मग पालकभेटीचा रविवार आला. रॉन्डाची आई क्वीन्सहून बसने आली होती, हातात घरच्या बिस्किटांचा डबा, तो फाटकावर काढून घेतलेला. तिने धावत येऊन हात पसरले. रॉन्डाने उजवा हात पुढे केला आणि हस्तांदोलन केलं, बँकेतल्या साहेबाशी करतात तसं. मग म्हणाली, "मी नीट जेवते. तळं गार आहे. मला दोन मैत्रिणी मिळाल्या." बाईने पसरलेले हात खाली घेतले. नंतर तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बाबांचे हात धरून म्हणाली, "लाझरकाका, काय जादू केलीत तुम्ही? घरी ही पदराला चिकटलेली असायची. हिची पत्रं मी फ्रीजवर लावली आहेत, सगळ्या शेजारणींना दाखवते." त्या पत्रांच्या जोरावर रॉन्डाला आणखी दोन उन्हाळे पाठवलं गेलं. कॅम्पच्या साठाव्या वर्षाच्या जेवणाला ती आली होती. डोळ्यांची डॉक्टर वगैरे झाली नव्हती, तसं फक्त गोष्टींत घडतं. शाळेत भूगोल शिकवत होती. मी धीर करून विचारलं, कसे गेले ते उन्हाळे? तिने हसून माझा हात हातात घेतला, हलवला, तीच तीन वाक्यं म्हणाली आणि कोट घेऊन निघून गेली. तो विनोद होता की काय होतं, याचा मी पंचवीस वर्षं विचार करतो आहे.

बाबांनंतर कॅम्प तू घेतलास आणि मी घेतला नाही, याचं मी लोकांना फार उदात्त कारण सांगतो. खरं कारण तूच एकदा सगळ्यांसमोर सांगितलंस: "मेलेल्या भाषेतून कोणी घरी पत्र पाठवत नाही ना, म्हणून हा तिथे जाऊन लपलाय." झोंबलं होतं. बरोबर असलेलंच झोंबतं.

तरी मार्चमध्ये तुझा फोन आला तेव्हा मी हो म्हटलं. झेल्डिनांची चौथी पिढी तळ्यात नको का, म्हणालीस. माझी पोरं मोठी झाली, तुझी एक उरलीय, तिलाही पुस्तकात पुरणार का, हेही तूच. मी पेटीचं विचारलं. तू म्हणालीस, "वेडा आहेस का? कुठल्या जमान्यात आहेस? केबिनगणिक समुपदेशक आहे आता. पेटीत मी जिरेनियम लावलेत." पालकभेटीच्या दिवशी मी पाहिले. लाल आहेत. कोणी बघत नाहीसं पाहून मी मातीत बोटही घालून बघितलं. खरी माती आहे. मला इतकं हलकं वाटलं की त्या सलामीवाल्या पोरालाही मी माफ केलं.

आता सूप संपलं.

जूनमध्ये हदासला तुझ्याकडे सोडायला मी एकटाच आलो होतो, तिच्या आईला, नाओमीला, सुट्टी नव्हती. तीन तासांचा रस्ता. पोर गप्प होती, म्हणून तिला हसवायला मी गोष्ट सांगितली: पेटी, व्हरांडा, तुझ्या नकला, रॉन्डाचा चष्मा. चष्म्याचं वाक्य तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. आणि तीन वाक्यं. हदास हसली नाही. तिने विचारलं, "मग तिला न्यायला कोण आलं?" मी म्हटलं, कोणी नाही, कॅम्प आठ आठवड्यांचा असतो. ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, तिला विनोद कळला नाही.

पालकभेटीच्या दिवशी निघायची शिट्टी झाल्यावर तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाबा, मी आजच तुमच्याबरोबर येऊ?" हसतच विचारलं. मी आपल्या बाबांचा घोगरा आवाज काढून म्हटलं, "आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे." ती पुन्हा हसली. घरी परतेपर्यंत मला माझ्या नकलेचं कौतुक वाटत होतं. घराण्यात तुझ्यानंतर माझाच नंबर.

काल, मंगळवारी, तिचं पत्र आलं. नेहमी ती चार पानं लिहिते, समासात माझ्या चुका काढते. या कागदावर तीन ओळी आहेत. मी नीट जेवते. तळं गार आहे. मला दोन मैत्रिणी मिळाल्या. पाकिटावरचं तिकीट पट्टीने आखल्यासारखं सरळ आहे, आणि हदासने जन्मात काही सरळ चिकटवलेलं नाही. नाओमीला मी ती गोष्ट कधीच सांगितली नव्हती. तिने पत्र वाचलं, म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते, रमेल," आणि ते फ्रीजवर लावलं.

तुझ्या ऑफिसात फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की मुलांना फोनवर बोलावत नाहीत, घरची आठवण चाळवते, आणि हदास अगदी मजेत आहे. मग कालची दुपार आणि संध्याकाळ मी त्या तीन ओळींवर भाष्य करत बसलो, खरोखर वही घेऊन. पूर्वपक्ष असा की पेटी गेली पण पायरी गेली नाही. कोणी सालस चेहऱ्याचं अजून तिथे बसतं, आणि माझं सूत्र तू जपून ठेवलं आहेस. उत्तरपक्ष असा की हदासला कोणी काही सांगितलेलं नाही. पत्र तुझ्या हाताखालून जाणार हे तिला माहीत होतं, म्हणून तुला खटकणार नाही आणि मला एकट्यालाच वाचता येईल असं तिने लिहिलं. कोणता पक्ष टिकतो हे मी अर्धा दिवस तपासत होतो. कावळ्याला दात किती, हे मोजण्यातला प्रकार. तिला निरोप पाठवायला शब्द मीच पुरवले होते, आणि निरोप पोचल्यावर मी टिपणं काढत बसलो.

आज बुधवार. हे लिहून झालं की निघतो. टपालात टाकत नाही, स्वतः आणून तुझ्या हातात देईन. पाकीट चिकटवलेलं नाही, घरच्या रीतीप्रमाणे. शनिवारी व्हरांड्यात बसून मोठ्याने वाच. माझा आवाज तुला पहिल्यापासून जमतो. आठ आठवड्यांचं मला काही सांगू नकोस, मी हदासला घेऊन जाणार आहे, आणि फाटकावरच्या पोराला सांगून ठेव की या वेळी माझ्याजवळ खायचं काही नाही. तुझ्याशी भांडायची मला भीती वाटत नाही, ब्लूमा. नाओमीला सगळं सांगावं लागेल, त्याचीही आता वाटत नाही. भीती एवढीच वाटते, की मी केबिनच्या दारात जाऊन हात पसरेन, आणि हदास उजवा हात पुढे करील.

तुझाच, त्याच व्हरांड्यातला,
एलकन