टेबल कोणी हलवलं?

१७ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादा यांस,

(‘यांस’ एवढ्यापुरतंच. पुढे तूच.)

नमस्कार, आणि त्याच्याही आधी माफी. इतके महिने पत्र नाही. याचा दोष भूकंपावर ढकलावा असं मनात आलं होतं, पण भूकंप होऊन जेमतेम तीन आठवडे झालेत आणि माझं गप्प बसणं उन्हाळ्यापासूनचं आहे. तेव्हा कारण आळस, असं सरळ लिहून टाकते. (आळस हाही शब्द पुरता खरा नाही. तुला लिहायला बसलं की फिल्मचे दिवस आठवतात आणि मग पत्र राहून जातं. असो.) तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला? तुमच्याकडची जमीन अजून एका जागी आहे ना? हा प्रश्न पूर्वी कुणी पत्रात विचारला असता तर मी हसले असते.

आई आणि मी, दोघी खुशाल आहोत. मोठा धक्का सकाळी बसला तेव्हा तुझी आत्या खाली भाजी घेत होती आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणजे दोघी आपापल्या जागी वाचलो. ‘पायाखालची जमीन सरकली’ हे मी आजवर बसचं तिकीट हरवलं तरी म्हणत होते. आता जपून वापरीन. घराला दोन भेगा पडल्या. एक बाथरूममध्ये आणि एक तुझ्या त्या खोलीत, जिथे आपण आईचं जेवणाचं टेबल जमिनीला स्क्रूने ठोकून टाकलं होतं. टेबल जागच्या जागी आहे. भिंत तडकली, पण तुझे स्क्रू हलले नाहीत. आईने हे तीन शेजाऱ्यांना दाखवलं.

पण मोठ्या धक्क्याचं काय सांगू, तो आला आणि गेला. खरी गोष्ट त्याच्यामागून येणाऱ्या लहान धक्क्यांची आहे. पाहुणे गेल्यावर त्यांचे नातेवाईक येत राहावेत तसे ते येतात, वेळ न कळवता. पहिला आला तेव्हा दुपार होती. वरच्या मजल्यावरचे कॅशियर आमची बादली परत करायला दारात उभे होते. भांडी किणकिणली, दिवा हलला, आणि माझ्या तोंडून शब्द गेला, “थांबा!” मला म्हणायचं होतं की जिन्यात पळापळ करू नका. (असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला काहीच म्हणायचं नव्हतं, तोंडातून ते निघालं.) आणि दादा, तुझी आत्या जिथे होती तिथे थांबली. एका हातात झाकण, एक पाय किंचित उचललेला, श्वास रोखलेला. मीही थांबले. आम्हा दोघींना पाहून, अशा वेळी हेच करायचं असतं असं समजून कॅशियरही बादलीसकट थांबले. सगळी इमारत खाली पळत होती आणि आम्ही तिघं फोटोसारखे उभे. हलणं संपलं, तरी कुणी हलेना. मग आई दबक्या आवाजात म्हणाली,

“टेबल कोणी हलवलं?”

आता हे कॅशियरना कसं समजवायचं? मी प्रयत्न केला. म्हटलं, फार वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मामेभावाने या घरात कापडी बाहुल्यांची एक फिल्म केली. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. टेबलाला धक्का लागला तर दिवसाचं काम पाण्यात. म्हणून भाऊ ‘थांबा’ म्हणाला की घरातल्या प्रत्येकाने थांबायचं, आणि तो ‘सुटलं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. कॅशियरनी विचारलं, “फिल्म कशावर होती?” म्हटलं, एक शेळी पाठीवर कपाट घेऊन घर शोधत फिरते. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, “कपाटात काय असतं?” दादा, पाच वर्षं आपण ती फिल्म केली आणि हा प्रश्न आपल्या डोक्यात एकदाही आला नाही!

तेव्हाचं आठवतं तुला? विमा एजंट जिन्यात आला होता, तू आतून ‘थांबा’ ओरडलास आणि तो बिचारा एका पायरीवर अडकून राहिला. सुटल्यावर विमा न विकताच निघून गेला. आई कढईपाशी थांबायची आणि कांदे जळायचे. जळके कांदे खात तू म्हणायचास, “आत्या, आज शेळी दरवाजापर्यंत पोचली,” आणि आई म्हणायची, “माझी भाजी कुठे पोचली ते बघ.” तरी रात्री जेवण झालं की शेळीचा फाटलेला गुडघा तीच शिवायची. शेळीच्या सदऱ्याला तिने आतून अस्तरसुद्धा लावलं होतं, जे कॅमेऱ्याला कधीच दिसणार नव्हतं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, “तिला कळतं.”

आता जे लिहिते ते हसण्यावारी नेऊ नकोस. त्या दुपारी कॅशियर गेल्यावर मी फळीकडे पाहिलं. फळीवरचे सगळे कप बोटभर पुढे आले होते. पडला एकही नव्हता. सगळे एकाच बाजूला, एकाच अंतराने, जणू कुणी बसून एकेक कप नीट सरकवला. कपाटावरची आपली शेळी भिंतीकडे तोंड करून उभी असायची, ती खिडकीकडे वळली होती. एक कप टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला चालवायला आपल्याला अख्खी दुपार लागायची, आणि हलवणारा हात फोटोत येऊ नये म्हणून आपण जिवाचं रान करायचो. इथे हात नाहीच. नुसती हालचाल. मी फळीसमोर कितीतरी वेळ उभी राहिले. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या मागे दुसरं काहीतरी होतं, देवळात न जाणाऱ्या माणसाचेही हात जोडले जावेत असं. (दैनंदिनीत ‘आनंद’ लिहिलं, मग खोडलं. आनंद म्हणणं बरोबर नाही; पलीकडच्या गल्लीत माणसं गेली आहेत. पण दुसरा शब्द सापडला नाही, म्हणून ती जागा कोरी आहे.)

अडचण एवढीच आहे की तुझी आत्या अजूनही थांबते. दर धक्क्याला. इमारत तपासायला आलेल्या इंजिनिअरबाई म्हणाल्या, “इमारत राहील. पण वयस्कर माणसाला इतक्यात तिसऱ्या मजल्यावर ठेवू नका. धक्का बसला की निघायचं, उभं राहायचं नाही.” आईने मान डोलावली. त्याच संध्याकाळी हलकासा धक्का बसला तर ही खोलीच्या मधोमध, खांबासारखी. मी ओढलं, हलेना. शेवटी मी ओरडले, “सुटलं!” तर माझ्याकडे वळून म्हणते, “तू कोण म्हणणार? कॅमेरा कुणाकडे होता?”

तर असं चाललंय. हे पत्र केवळ खुशालीचं आहे, काळजी करू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. केवळ खुशालीचं हे खरं नाही. तुझं घर बैठं आहे, दाराबाहेर लगेच अंगण आहे. आईला काही महिने तुझ्याकडे न्यायला हवं, पण ‘भीती आहे म्हणून चल’ असं म्हटलं तर ती येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. तेव्हा एवढंच कर: तिला लिही की तू नवी फिल्म सुरू करतोयस आणि बाहुल्या शिवायला माणूस नाही. फिल्म खरंच करायलाच हवी असं नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचलं. (मी दिलं नाही. पण लपवलंही नाही.) ती म्हणते, थांबायच्या सवयीचं तू काय लिहून बसलीस. माझे गुडघे मला जिन्यापर्यंत नेईस्तोवर धक्का येऊन गेलेला असतो, मग धावू कशाला? उभी राहून बघते. कप चालतात ते मला दिसतात, तुला नंतर कळतं. हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की त्या खोलीत ती एकटी घाबरत नव्हती, एकटी बघत होती. मग म्हणाली, “त्याला खोटं लिहायला शिकवू नकोस. काम नसेल तर मी येणार नाही. असेल तर कापड आधी पाठव म्हणावं. आणि या वेळी शेळी नको, हत्ती घे. मला आता बारीक टाके दिसत नाहीत.”

म्हणजे दादा, आता तुला फिल्म करावीच लागणार.

(दैनंदिनीत आत्ताच लिहिलं, उद्या: आईला डोळे तपासायला नेणे.)