तवंदी घाटातला नारळ

वडगावच्या बायाक्कांस,

लिहितोय खरं, पण हे पत्र टाकायचं धाडस माझ्यात न्हाय.

तुमच्या लेकाचं, किशनचं काळीज बर्फाच्या पेटीतनं कोल्हापूरला नेणारा अँब्युलन्सचा ड्रायव्हर मीच. बर्फात ते चार तासच टिकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिलता. तरी तवंदी घाटात मी गाडी थांबवली. देवाला नारळ फोडल्याबिगर तो घाट मी कधी उतरलो न्हाय. मागं डॉक्टर ओरडत होते. मी म्हणलं, पोराच्या काळजासाठीच फोडतोय. तेवढ्यात पुढं ट्रक आडवा झाला आणि दीड तास रस्ता बंद. थांबलो नसतो तर त्याच्या आधी निसटलो असतो.

उशीर झाला म्हणून काळीज बसवलंच न्हाय. ज्या पोरीला ते बसवायचं होतं, ती आठवड्यात गेली.

दवाखाना काय सांगंना, म्हणून तुम्ही मला विचारलंत. मी म्हणलं, "एका पोरीच्या छातीत धडधडतंय, आक्का." मग तुम्ही मागावर साडी विणून तिला द्यायला माझ्याकडं दिलीत. ती अजून माझ्या ट्रंकेत हाय.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "साडी शोभली काय रं तिला?"

"लई शोभली," म्हणलं मी.

बेळगुंदीचा कल्लाप्पा