बत्ता ऐकू येणारी भिंत

अंबरनाथ पश्चिम,
मंगळवार

आदरणीय गंगूअक्का,

मानाचा जयभीम. तुझे गुडघे, अमितची नवी नोकरी आणि बदलापूरचे डास, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. इकडे मायाचा खोकला गेला आणि माझ्या चौकशा वाढल्या (असं तुझी भावजयच म्हणते). तू भावाचा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. मागच्या खेपेला ‘मला डब्यात भरायला मी काय चकली आहे?’ एवढं विचारून तू फोन ठेवलास. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

आपली कॅम्प एकची बिल्डिंग धोकादायक ठरली आणि अठरा घरं अठरा दिशांना गेली, ते तुला सांगायला नको. आता नव्या योजनेत खोल्या डब्यांसारख्या कारखान्यातच तयार होऊन येणार, जागेवर एकमेकींना बोल्टने जोडणार आणि सात महिन्यांत सगळे परत. मात्र अठराच्या अठरा सह्या या महिनाअखेरीला हव्यात, एक जरी कमी पडली तरी योजना बारगळली. (कोण अडून बसलंय ते मी लिहीत नाही. नाव घेऊन कुणाला दुखवायचा माझा स्वभाव नाही.) आर्किटेक्ट वैष्णवी आपल्या अमितच्याच वयाची, पण समोरच्याचं ऐकून घेते. तिने इथे एका रिकाम्या प्लॉटवर शेजारी शेजारी दोन घरं नमुन्याला मांडली आणि म्हणाली, कुणीतरी आठवडाभर राहा आणि दोष सांगा. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी मायाला घेऊन राहायला आलो.

दोष काढायचे तर आधी गोष्ट कशी चालते ते कळायला हवं. भिंती बांबूच्या फळ्यांच्या. खिडक्या अशा समोरासमोर, की भर दुपारी पंखा लावला नाही (मायाने हे वहीत तीनदा लिहिलंय). आंघोळीचं पाणी गाळून संडासाच्या टाकीत येतं म्हणे. आता ‘म्हणे’वर माझा कधीच विश्वास नव्हता. मी बादलीभर पाण्यात अर्धी बाटली नीळ कालवली, ते पाणी मोरीत ओतलं आणि तासाभराने टाकीचं झाकण उघडलं. निळंशार! अक्का, मला जो आनंद झाला तो रिटायर होतानाही झाला नव्हता. नेमकी त्याच दिवशी आपली सोसायटीची मंडळी घरं बघायला आली. मुकेशभाई (आपल्या बिल्डिंगखालचे पापडवाले) आधी संडास बघायला गेले आणि घाबरून बाहेर आले. “राजरत्नभाई, अंदर पानी नीला है. मैं कुछ नहीं किया.”

तिथेच थांबलो असतो तर मी फिटर कसला? एकतीस वर्षं फॅक्टरीत काढल्यावर नट दिसला की हात शिवशिवतात. दोन घरांमधली भिंत पाच नटांवर आहे असं वैष्णवी म्हणाली होती, आणि तो पाचवा नट खरंच कामाचा आहे की शोभेचा, हे मला बघायचं होतं. चार सैल केले, भिंत हलली नाही. पाचवा कामाचा निघाला. भिंत सावकाश पलीकडच्या घरात आडवी झाली. मंडळी तिथून नुकतीच गॅलरीत गेली होती, म्हणून कुणाला लागलं नाही. धूळ बसल्यावर ओट्याशी उभी माया सगळ्यांना दिसली. तिने मान वळवून विचारलं, “चहा किती कप?” मुकेशभाई म्हणाले, “साईं, ये दीवार है या दरवाजा?” वैष्णवीने माझ्या हातातला पाना काढून घेतला, चार जणांना हाताशी धरलं आणि अकरा मिनिटांत भिंत होती तशी उभी केली. आपल्या जुन्या जिन्यातलं प्लास्टर पडलं तेव्हा अकरा महिने नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या! इतके दिवस तळ्यात-मळ्यात करणाऱ्या सहा जणांनी तिथल्या तिथे सह्या केल्या.

खरा दोष चार वाजता कळला. मी सवयीने भिंतीवर बत्त्याचे ठोके दिले. तीस वर्षं आपल्या दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये एकच भिंत होती. तुझे दोन ठोके म्हणजे चहा उकळला, माझे तीन म्हणजे आलो. भावजी गेले त्या पहाटे तू एकच ठोका दिलास आणि मी अनवाणी धावत आलो. इथे पलीकडे मुद्दाम मायाला उभं केलं होतं, तिला काहीच ऐकू आलं नाही. आवाज अडवणारी भिंत हेच म्हणे तिचं मोठं कौतुक. मी बत्ता हातात धरून तसाच खाली बसलो. फार वाईट वाटलं, अक्का. वैष्णवीला म्हटलं, भिंतीला बत्ता ऐकू येत नाही, हा दोष लिहून घे. ती हसली नाही. “काका, म्हणजे शेजाऱ्यांचा टीव्ही नको, बत्ता हवा?” असं विचारून तिने लिहून घेतलं, आणि आज ठोका पलीकडे पोचावा म्हणून ओट्याच्या उंचीवर त्या भिंतीत एक सागाची फळी आरपार बसवून गेली.

अमितला आणि सूनबाईंना जयभीम. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा धाकटा,
राजरत्न

ता. क. सोळा सह्या झाल्या. राहिलेल्या दोनांतली एक तुझी. अक्काच अडून बसलीय, असं मी सगळीकडे सांगत फिरतोय. दुसरी माझी आहे. हे अजून मायालाही माहीत नाही. पलीकडे तू नसशील तर मला ते घर नको.

आणखी एक. फळीची परीक्षा व्हायची आहे आणि पलीकडून ठोकायला माणूस नाही (मायाच्या ठोक्यांना मी उठत नाही, हे तिलाही ठाऊक आहे). रविवारी अमितबरोबर ये, बत्ता तुझा पितळीच आण. चहापत्ती, साखर पलीकडच्या ओट्यावर ठेवलीय. चार वाजता मी अलीकडे पेन घेऊन बसतो. दोन ठोके ऐकू आले की सही करूनच चहाला येईन. नाहीच आले, तरी घाबरू नकोस. वैष्णवीने एकच पाना काढून घेतलाय, दुसरा माझ्या खिशात आहे.