स्वेटरची बटणं

३ डिसेंबर

चि. भिंगरीस, आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. म्हणजे तुमचं औषध एरवी झोपलेलं असतं, उजेड पडला की उठतं आणि दुखणं वाढवणाऱ्या त्या एन्झाइमला अडवतं. गुडघ्यावर उजेड टाकला तर गुडघ्यातच काम करेल, माझ्या गोळीसारखं पोट जाळणार नाही. वाचूनच गुडघा हसला बघ. शेजारीण म्हणते, मग टॉर्च गिळायचा का? म्हटलं तूच गिळ, डोक्यात उजेड पडेल.

औषधाला जाग येऊ नये म्हणून तू प्रयोगशाळेत लाल दिव्याच्या मिणमिणीत धडपडतेस, म्हणून स्वेटर पाठवलाय. बटणं मुद्दाम अंधारात चमकणारी लावलीत. माया आहेच, पत्रं वाढव.

तुझी आजी

२० फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

दमले गं. अंधारातलं औषध झोपलेलं राहायला हवं, तर सकाळी जागंच सापडतं. मग तुझ्या गोळीत आणि त्यात फरक काय राहिला? खिडकीला काळा कागद लावला. औषधाच्या नळ्यांच्या पेटीचं झाकण काचेचं आहे, म्हणून घरी जाताना वर तुझा स्वेटर पांघरते. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, आता शेवटचं एकदा, नाहीतर काम बंद. बंद झालं तर घरी येईन. खरं सांगू, यावंसंच वाटतंय.

तुझी भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

घरी येईन वाचलं आणि आधी तुझी गादी उन्हात घातली. उशीला नवा अभ्रासुद्धा. मग उरलेली बटणं डब्यात चमकताना दिसली आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला. अगं, नळ्यांवर तू अंधार नाही, माझे दिवे पांघरलेस! दोन दिवस पत्र लिहिलं नाही. गादी फार छान तापली होती गं. पण गुडघा माझा एकटीचाच दुखतो का? बटणं काप. थंडी वाजली तर पिना लाव. आणि मॅडमना सांग, म्हातारीवर रागावू नका.

तुझी लबाड आजी

११ मार्च

ती. आजीस सा. न.

नळ्या झोपल्या. दिवा लावला तेव्हाच उठल्या. मॅडम म्हणाल्या, काम चालू ठेवायचं. मी खुर्चीतच झोपले, कुणी उठवलं नाही. एवढ्यात येणं होणार नाही.

गादी गुंडाळून ठेव. अभ्रा राहू दे.

तुझीच भिंगरी