फोम माझा, फळी तिची

मी, लाटांवर उभे राहून खेळायच्या सर्फबोर्डांसाठी फोम बनवणारी बाई, वय अडुसष्ट, माझ्या मागे काय कोणाचे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी परवाच तपासले आणि "डोकं गरजेपेक्षा जास्त ठिकाणावर आहे," असे म्हणाल्या. फुप्फुसांविषयी त्यांचे मत इतके चांगले नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भुलवलेले नाही. दोन्ही कामांना दम लागतो, आणि तेवढ्या दमाचा माणूस आमच्या गल्लीत नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे आजपासून रद्द.

कलम १. कारखान्यावरच्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो खोल्या विकणार हे मला माहीत आहे. विकू दे. खालचा कारखाना मात्र त्यात धरू नये. तो अर्धा दिराचा, अर्धा माझा, आणि माझ्या अर्ध्याचे काय ते शेवटच्या कलमात.

कलम २. पुस्तके सार्वजनिक वाचनालयाला. समासात मी लेखकांशी पेन्सिलीने भांडले आहे. ती भांडणे खोडू नयेत. काही ठिकाणी लेखकापेक्षा माझे बरोबर आहे.

कलम ३. माझा कर्णा, ज्यावरून मी किनाऱ्यावर सभा घेतल्या, तो किनारा साफ करणाऱ्या बायकांना. एक सूचना: कर्णा असला तरी आवाज पोटातून काढावा. घशातून काढलेला आवाज पहिल्या रांगेपर्यंतच पोचतो, आणि पहिल्या रांगेत आपलेच लोक बसलेले असतात.

कलम ४. हे कलम वाटणीचे नाही, पण यापुढचे कलम समजायला ते लागेल, म्हणून वकिलांनी गाळू नये.

सर्फबोर्ड म्हणजे आत फोमचा ठोकळा, मध्ये लाकडी कणा, वर कापड आणि राळ. माझे यजमान आणि दीर खनिज तेलापासून केलेला फोम विकत आणून फळ्या घडवत. त्याचा पांढरा भुगा त्यांच्या केसांत, चहात, उशीवर. फळी मोडली की समुद्रात त्याचेच मणी तरंगत, आणि मासे ते खात. यजमान खोकून खोकून गेले. त्यांच्या शोकसभेत मी उठून सांगितले की हा फोम पुन्हा आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी वाजवायला दोन हात पुरतात, पर्याय शोधायला माझे उरलेले आयुष्य लागले.

आधी समुद्रशेवाळाचा फोम केला. त्याला असा वास आला की गल्लीतली सगळी कुत्री दाराशी धरणे देऊन बसली. मग स्टार्चचा केला. गिऱ्हाईक फळी घेऊन पाण्यात उतरले आणि नुसते कापड हातात घेऊन परतले. "बाई, केळं समुद्राने खाल्लं, ही घ्या साल," असे म्हणाले. शेवटी बुरशी. साच्यात बारीक भुसा भरायचा, त्यावर बुरशीचे विरजण सोडायचे, उबेत आणि अंधारात ठेवायचे. पांढरे धागे भुशाला आतून विणत जातात आणि ठोकळा होतो. मग भट्टीत वाळवून बुरशी मारायची. पहिला ठोकळा उचलून एका लाटवाल्याने विचारले, "ही फळी आहे की उंबरठा?" मी भुसा आणखी बारीक केला, दाब कमी केला, साच्याला भोके पाडली. ठोकळे हलके होत गेले. मरू नये म्हणून विरजणाला चारा घालत राहिले. तान्ह्या पोराला कोणी इतके जपत नाही. माझा मुलगा याला दुजोरा देईल.

आता धाकटीविषयी. धाकटी म्हणजे दिराची बायको, माझी जाऊ. मी बनवलेल्या ठोकळ्याला रंध्याने आकार देते ती. आणि फोम आत असतो. हे एकच वाक्य माझे सगळे दुःख सांगते. आतला फोम कोणाला दिसत नाही, दिसते ती वळणदार कड, जिच्यावरून लोक हात फिरवतात आणि "वा, काय हात आहे!" म्हणतात. हात तिचा. शेपटाकडे सही तिची. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला तेव्हा तो मला म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फळी दिसत नाहीये." त्या दिवशी मला आजी म्हणायची पहिली हिंमत त्याने केली, आणि तीही तिच्यासमोर.

धाकटी यजमानांच्या वेळेपासून रंधा धरते. ते एकदा जेवताना म्हणाले होते, "धाकटीच्या हाताला समुद्र कळतो." माझ्या कशालाही काही कळते असे ते कधी म्हणाले नाहीत. मी त्यांच्या पुढचे ताट काढून घेतले नाही एवढेच. माझा मुलगासुद्धा गुडघा फुटला की काकूकडे धावायचा, कारण "आई आधी कारण समजावून सांगते."

आणि ते प्रदर्शन. मी व्यासपीठावर होते. मागे आमची सगळ्यात देखणी फळी उभी केली होती. मातीतून आलेले मातीत जाते, हा माझा मुद्दा रंगात आला होता, आणि लोक हसायला लागले. मी वळून पाहिले. फळीच्या टोकाला राळ फोडून एक गुबगुबीत अळंबी वर आली होती. भट्टीचे दार नीट बसत नव्हते, टोकाशी ओल राहिली होती. धाकटीने ठोकळा बोटाने ठोकून "इथे आवाज बोदा येतोय" असे आधी सांगितले होते म्हणे. मला आठवत नाही.

मी गप्प झाले. माझ्या आयुष्यात सभेत मी गप्प झाल्याचा दुसरा दाखला नाही. तेव्हा धाकटी, जी चार माणसांत स्वतःचे नाव सांगायला घाबरते, ती खिशातला चाकू काढून वर आली, अळंबी छाटली, लोकांना दाखवली आणि म्हणाली, "जाऊबाई खोटं बोलत नाहीत, बघून घ्या." बस्स. मंडप टाळ्यांनी दणाणला. माझे सबंध भाषण एका पारड्यात आणि तिचे ते एक वाक्य दुसऱ्यात, आणि पारडे तिचे जड! त्यानंतर मागणी वाढली हे खरे आहे. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही हेही खरे आहे.

कलम ५. माझा अर्धा कारखाना आणि विरजण. दोन्ही एकत्रच जातील, कारण विरजणाशिवाय तो कारखाना म्हणजे नुसते छप्पर. विरजण उपाशी राहिले तर महिन्याभरात मरते. मग तो जुना फोम दारात उभाच आहे, स्वस्त आणि हलका, आणि माझे सगळे आयुष्य एक लांबलेले भाषण ठरते. म्हणून हे कोणाच्या हाती द्यायचे याचा मी पुष्कळ विचार केला, आणि प्रामाणिकपणे सांगते, धाकटी सोडून सगळ्यांचा केला.

विद्यापीठातले संशोधक म्हणाले, "आम्ही गोठवून सुरक्षित ठेवू." गोठवलेल्या विरजणातून फळी निघत नाही, अहवाल निघतात. एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. त्याला थोडे विरजण, बाकी जुनाच फोम आणि वर हिरव्या पानाचे चित्र हवे होते. त्याला मी जिन्यापर्यंत पोचवले, शब्दांनी. मुलाला विचारले. तो फोनवर म्हणाला, "आई, फ्रीजमध्ये बुरशी ठेवलेली हिला चालणार नाही." त्यात सुनेची चूक नाही.

मागच्या हंगामात मी अचानक दीड महिना दवाखान्यात पडले. विरजणाचा चारा कसा घालायचा हे मी कोणाला शिकवले नव्हते, धाकटीला तर नाहीच. परत आले तेव्हा विरजणाच्या बरण्या रिकाम्या करायच्या तयारीनेच आले. पण बरण्या भरलेल्या, धागे पूर्वीपेक्षा शुभ्र. आनंद व्हायला हवा होता. माझे पित्त खवळले.

"कोणी शिकवलं तुला?"

"पाहत होते की इतकी वर्षं. चारा, ऊब, अंधार. आणि रोज तासभर भाषण."

"काय?"

"तुम्ही रोज बरण्यांसमोर बोलायच्या ना मोठ्याने? मला वाटलं, त्यांना लागतं ते."

मी त्या खोलीत भाषणांची तालीम करत असे, कारण तिथे कोणी मध्ये बोलत नाही.

"अगं बाई, तोंडातलं सगळं बरण्यांत जातं! घाण धरली असती."

"फडकं बांधून केलं. तुम्ही बांधायच्या तसंच."

"कोणतं भाषण केलंस?"

"सगळीच. पाण्याचं, माशांचं, भाऊजींच्या शोकसभेचं. ते म्हणताना मला रडू यायचं, म्हणून ते कमी वेळा केलं. ते केलं नाही त्या दिवशी वाढ कमी झाली असेल तर माफ करा."

तिला माझे शब्द पाठ होते. पहिल्या रांगेतल्या कोणाला नव्हते. आता भाषणही तिचेच झाले, हे मला त्या क्षणी सुचले आणि फार लागले. अजून लागते.

तरी माझा अर्धा कारखाना, साचे, भट्टी आणि विरजण मी माझ्या जावेला देत आहे. अटी दोन. खनिज तेलाचा फोम उंबऱ्याच्या आत आला तर माझा हिस्सा त्याच दिवशी वाचनालयाचा. आणि यापुढे प्रत्येक फळीवर तिच्या सहीशेजारी "आतला फोम थोरलीच्या विरजणाचा" असे लिहावे. बारीक अक्षर चालेल. फार बारीक नको.

साक्षीदारांबाबत खुलासा. वकिलांनी बजावले आहे की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदाराची सही करू नये. मघाशी डॉक्टरीणबाई आणि लाकडाच्या वखारीचे मालक सहीसाठी वर आले, तेव्हा धाकटीही हात पुसत मागोमाग आली. कागद न वाचताच तिने पेन उचलले.

"कुठे करू, जाऊबाई?"

"तू नको करूस."

"का? माझी सही चालत नाही?"

"नाही चालत."

"फळ्यांवर चालते, इथे नाही. बरं." पेन ठेवून ती खाली गेली. आता रंधा जोरजोरात चालल्याचा आवाज येतो आहे. रागावली आहे. मी मरेपर्यंत तिला हे कोणी सांगू नये. तोवर तिला माझा हेवा नाही वाटला, तरी निदान राग येऊ दे.

ठिकाण: कारखान्यावरची खोली
दिनांक: चौदा मार्च

लिहून देणार: थोरली (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि करताना हसत होत्या:
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: वखारीचे मालक (सही)